भाकरीला डाळीची जोड

आपल्या लातूर-नांदेडकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. सारे घर शेतात जाते. कडब्याची कोप होते, पूजा होते, मग पंगत बसते. ज्वारीची भाकरी, बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे पडतात, डाळीचे पीठ पडते. लेकरं पोटभर जेवतात.

आणि बाकीचे दिवस? आम्ही शाळेवर होतो तेव्हा एक मुलगा दुपारी वर्गात डुलक्या घेई. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, दोन भाकरी खाऊन येतो की!" खरेच येत होता. पण भाकरीसोबत काय, तर नुसते तिखट. घरची तूर मात्र सगळी बाजारात गेली होती.

पोट भरते, तरी अंग का भरत नाही? समजून घेऊ.

भाकरीचा तुकडा बराच वेळ चावून पाहा. तो गोड लागू लागतो. ज्वारीत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक कणांची लांब साखळी. लाळेतले पाचक द्रव्य ती साखळी तोडते आणि साखर सुटते. ही साखर म्हणजे अंगाचे सरपण. करडईच्या तेलात असतो तो स्निग्ध पदार्थ. त्यातून पिष्टाच्या दुपटीहून जास्त ताकद मिळते. उरलेली ताकद शरीर चरबी करून ठेवते, जसे आपण कणगीत धान्य ठेवतो.

पण सरपणाने घर बांधता येत नाही. अंग बांधायला प्रथिने लागतात. मांस, केस, नखे, रक्ताचा लाल रंग, सारी प्रथिनांची करणी. लाळेतले ते पाचक द्रव्यही प्रथिनच.

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी २० प्रकारचे. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. कोणता मणी कुठे ओवायचा, हे प्रत्येक पेशीत लिहून ठेवलेले असते. त्या लिखाणाला डीएनए म्हणतात. तुरीच्या बीला तूरच येते, ती या लिखाणामुळे.

या २० पैकी ९ प्रकारचे मणी आपले शरीर करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांतला लायसिन नावाचा मणी ज्वारीत फार कमी असतो. एक मणी सरला की माळ तिथेच अडते. बाकीचे मणी असून उपयोग नाही. तुरीच्या डाळीत लायसिन भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन नावाचा मणी कमी पडतो, तो ज्वारी पुरवते. एकीचे उणे दुसरी भरून काढते. शिवाय १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तर तेवढ्याच तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम.

म्हणून भाकरी आणि वरण ही जोडी बैलजोडीसारखी आहे. एका बैलावर नांगर चालत नाही.

तूर विका, पैसा लागतोच. पण लातूरच्या अडतीवर माल नेण्याआधी घरची वर्षाची डाळ बाजूला काढा. लेकराला वरणाचे वरचे पाणी देऊ नका, तळची घट्ट डाळ वाढा. प्रथिने तिथे असतात. घरात बाई पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर तिच्या ताटात डाळ आधी पडू द्या.

येळवशीचे ताट वर्षातून एकदाच येते. भाकरीवर डाळ मात्र रोज येऊ शकते.