अंधारावर वसलेलं गाव

कोल्हापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी कराड स्थानकात थांबली की नवख्या माणसाला वाटतं, आलं कराड. खाली उतरल्यावर कळतं, की शहर अजून काही किलोमीटर लांब, कृष्णेच्या पलीकडे आहे. स्थानकाबाहेर दिसतं ते गाव म्हणजे ओगलेवाडी. तिन्हीसांजेला घरोघर लागणारा ‘प्रभाकर’ कंदील याच गावात तयार व्हायचा.

अमेरिकेत लाकूडतोडीवर वसलेली शेकडो छोटी गावं होऊन गेली. जंगलापर्यंत रूळ न्यायचे, शेजारी लाकूड कापायची गिरणी उभी करायची, भोवती कामगारांच्या खोल्या आणि दुकानं. जंगल असेपर्यंत गाव गजबजलेलं असे. शेवटचं मोठं झाड पडलं, की रूळसुद्धा उखडून नेत. ओगलेवाडीकडे पाहताना मला ही गावं आठवतात. इथेही एक रेल्वे स्थानक होतं, एक कारखाना होता आणि त्यावर पोसलेली वस्ती होती. जंगल तेवढं वेगळं होतं. ही वस्ती अंधारावर जगत होती, आणि अंधार संपेल असं तेव्हा कुणाच्या मनात तरी आलं असेल का?

ओगले काच कारखाना उभा राहिला तो १९१६ साली. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारा काचेचा माल बंद पडला होता. स्वदेशीची हवा तर आधीपासूनच होती. तळेगावला लोकांच्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना निघालेला होता. श्रीपाद, आत्माराम आणि गुरुनाथ या ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या मुलखात भट्टी पेटवली. त्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्य. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचारासाठी ओळखले जात. अशा राजाच्या राज्यात सूर्याच्या नावाचा कंदील निघावा, हा योग मला फार गोड वाटतो.

पण जागा म्हणून स्थानकाजवळचीच का? काचेच्या धंद्याची गंमत अशी, की कच्चा माल जड आणि पक्का माल नाजूक. वाळू, सोडा, चुना आणि भट्टीचं जळण आणायचं ते टनांनी, आणि पाठवायच्या त्या टिचकीने फुटणाऱ्या काचा. बैलगाडीतून खडबडीत रस्त्याने त्या गेल्या असत्या, तर किती धड पोहोचल्या असत्या? मिरजेकडे जाणारी मीटरगेज लाईन दाराशी होती, म्हणून कारखान्याला तिथे जम बसवता आला.

आता कंदिलाची काच हातात घेऊन पाहा. वाळू एरवी बोटांतून निसटून जाते. सोडा मिसळला की तिचा वितळबिंदू खाली येतो, चुना घातला की काच पाण्याला दाद देत नाही. दीड हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत हे मिश्रण वितळून काकवीसारखं दाट होतं. कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोकावर त्याचा गोळा उचलतो, साच्यात धरतो आणि फुंकर घालतो. म्हणजे जुन्या हाती फुंकलेल्या काचेचा आकार हा एखाद्या माणसाच्या श्वासाचा आकार असतो! त्यानंतरचं काम सगळ्यांत धीराचं. काच एकदम गार झाली, तर बाहेरचा थर आकसतो, आतला गरमच राहतो आणि हा ताण तिच्यात कायमचा बसतो. म्हणून तिला तासन् तास हळूहळू थंड करतात. एवढं करूनही तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला, की तडा जायचाच.

दोन्ही बाजूंच्या वाकड्या नळ्या अनेकांना नुसत्या धरायच्या कड्या वाटतात. खरं तर त्या कंदिलाच्या श्वासनलिका आहेत. वरून आत शिरलेली हवा त्यांतून खाली उतरते आणि ज्योतीला पुरते. वारा थेट वातीवर येतच नाही. म्हणूनच रात्री पाणी पाजायला रानात निघालेला शेतकरी हा कंदील हातात घेऊन निर्धास्त चालायचा.

मग वीज आली, आणि तीही कुठून? कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेतून. सातारा जिल्ह्यातच, पाटण तालुक्यात, या नदीवर धरण बांधलं. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात साडेचारशे मीटरहून खाली सोडलं. १९६२ साली वीज सुरू झाली. पुढच्या दशकांत गावोगाव खांब उभे राहिले आणि कंदील खुंटीवरून माळ्यावर गेले. ओगलेवाडीचा कारखाना अखेर बंद पडला. एखादा कारखाना बंद पडण्यामागे अनेक कारणं असतात, पण त्याचं मुख्य गिऱ्हाईक अंधार होतं, आणि तेच निघून गेलं.

याच रेल्वेवर पुढे, आजच्या सांगली जिल्ह्यात, कुंडल रोड नावाचं स्थानक होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळरानावर बस्तान मांडलं. त्यांनाही जागा दिली ती औंधच्याच राजांनी. आज त्या स्थानकाचं नाव किर्लोस्करवाडी आहे आणि कारखाना चालू आहे. सुरुवातीला तिथे लोखंडी नांगर बनत, पुढे पंप बनू लागले. विजेने कंदील मोडीत काढला, पण पंपाला तर वीजच हवी होती. राजा एक, रूळ एक, काळही तोच. कष्ट किंवा हुशारीत ओगले कुठे कमी पडले असं मला वाटत नाही. फरक पडला तो हातातल्या वस्तूमुळे.

ओगलेवाडी मात्र उठून गेली नाही. रूळ उखडले नाहीत, उलट ब्रॉडगेज झाले, आणि गाड्या अजून थांबतात. पुढच्या वेळी तिथे उतरलात तर दोन मिनिटं स्थानकाबाहेर उभे राहा. आणि घरी माळ्यावर जुना कंदील असेल तर भंगारात घालू नका. खाली काढा, काजळी पुसा आणि त्याच्यावर ‘प्रभाकर’ हे नाव सापडतं का ते बघा.