घाटातला ट्रक आणि गिअरचे गणित

खंडाळ्याचा बोरघाट उतरताना एखादा भरलेला ट्रक अगदी सावकाश, पण इंजिनाचा मोठा घरघराट करीत चाललेला तुम्ही पाहिला असेल. उतारावर गाडी आपोआप पळते, मग इंजिन कशाला ओरडते? याचे उत्तर ट्रकच्या गिअरपेटीत आहे. गिअर हाताने बदलावा की यंत्राने, या वादाचा निकालही तेथेच लागतो.

प्रथम गिअर कशासाठी लागतात ते पाहू. ट्रकचे डिझेल इंजिन मिनिटाला साधारण १,००० ते २,००० फेरे घेत असतानाच नीट काम देते. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरा, म्हणजे परीघ ३.१४ मीटर झाला. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटात सुमारे ३१८ फेरे घेते. चढावर ताशी ६ किलोमीटर वेगाला अवघे ३२! इंजिनाचे फेरे मात्र दोन्ही वेळी १,६०० माना. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे पहिल्या वेळी ५ फेरे होतात, तर दुसऱ्या वेळी ५०. हे प्रमाण बदलणे हेच गिअरचे काम. घर्षणातली घट सोडली, तर फेरे जितक्या पटीने घटतात तितक्या पटीने चाकाला मिळणारा पीळ वाढतो. हा तरफेचाच नियम आहे.

हात की यंत्र?

हाताच्या पद्धतीत चालक क्लच दाबून इंजिनाचा संबंध तोडतो, दांडीने दुसरे दंतचक्र जोडतो आणि क्लच सोडतो. अशी पेटी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते.

स्वयंचलित पद्धतीचे मुख्य प्रकार दोन. एकात क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या झोताने समोरचा पंखा फिरतो. या कल्पनेचे पेटंट जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली घेतले, तेही जहाजांसाठी! खाणीतल्या डंपरांना ही पद्धत सोयीची पडते. पण तेल घुसळण्यात काही ऊर्जा वाया जाते. दुसऱ्या प्रकारात पेटी जुन्याच धर्तीची असते. फक्त क्लच आणि गिअर हलविण्याचे काम संगणकाच्या हुकमाने यंत्रणा करते. लांब पल्ल्याच्या ट्रकांत हा प्रकार वापरतात. त्याने चालकाचा थकवा कमी होतो आणि योग्य वेळी गिअर पडल्याने डिझेलही वाचते.

उताराची परीक्षा

आता आपला ट्रक घाट उतरू द्या. वजन २५ टन आणि उतरण ५०० मीटर धरू. स्थितिज ऊर्जा = २५,००० × ९.८ × ५०० = १२ कोटी २५ लाख ज्यूल! एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे ४०० लिटर पाणी उकळीला येईल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कोठेतरी जिरवली पाहिजे. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरांत जाते. उरलेली सारी ब्रेकवर टाकली, तर ब्रेकचे ड्रम तापतात, घर्षण घटते आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासे होतात.

खालच्या गिअरमध्ये मात्र चाकेच इंजिनाला फिरवितात. दट्टे हवा ओढतात, दाबतात, बाहेर ढकलतात. एक्झॉस्ट ब्रेकने हवेची वाट अडविली की हे काम आणखी जड होते. ऊर्जा इंजिनात जिरते आणि ब्रेक थंड राहतात. तो घरघराट याचाच!

काही जण डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकतात. ही समजूत चुकीची आणि जिवावर बेतणारी आहे. आजच्या इंजिनात गिअर टाकून पाय काढला की डिझेलचा पुरवठा थांबतो. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. शिवाय इंजिनाचा आधार सुटतो तो वेगळाच.

येथे स्वयंचलित पेटीचीही मर्यादा दिसते. चाकाखालचा उतार तिला कळतो. वळणापलीकडचा कळेलच असे नाही. काही नव्या ट्रकांत नकाशावरून तोही कळतो. इतरांत चालकाने स्वतः खालचा गिअर धरून ठेवायचा असतो. वेग एकदा हाताबाहेर गेला, की हाताची पेटी असो वा स्वयंचलित, खालचा गिअर पडत नाही. म्हणून ज्या गिअरने घाट चढावा, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरने तो उतरावा, आणि तो उतार लागण्यापूर्वीच टाकावा. गिअर हाताने टाकला की यंत्राने, हा प्रश्न सोयीचा आहे. कोणता टाकला, हा जिवाचा.

जाता जाता एक गणित : वरचा घाट २० मिनिटांत उतरला, तर जिरविलेली ऊर्जा १,००० वॅटच्या किती शेगड्या तेवढा वेळ पेटत्या ठेवील? हिशेब तुम्हीच करा. उत्तर शंभराच्या आसपास आले पाहिजे.