दम आणि पाऊल

जुनाट श्वासविकाराच्या रोग्यास आपण चालावयास सांगितले, की तो म्हणतो, "चाललो की दम लागतो, म्हणून बसून असतो." उत्तर वरवर बिनतोड वाटते. परंतु रोगाची खरी मेख तेथेच आहे, असे आम्हांस वाटते.

विडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीचा धूर खाऊन श्वासनलिका अरुंद झाल्या, म्हणजे श्वास घेण्यापेक्षा तो बाहेर टाकणे अधिक कठीण होते. पावले भराभर पडू लागली, की एक श्वास पुरता सुटण्यापूर्वीच दुसरा आत येतो. छातीत शिळी हवा साठते. ताज्या हवेस जागा उरत नाही. हा झाला देहाचा अडथळा.

दुसरा अडथळा मनाचा. एकदा जिन्यात जीव घाबरला, की माणूस जिनाच टाळतो. तिसरा रस्त्याचा : चढ, धूळ, आणि वाटेत टेकावयास कट्टा नाही. चौथा अडथळा मायेचा. "बाबा, तुम्ही उठू नका, पाणी मी आणते," असे घरची मंडळी म्हणतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. न वापरलेले मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायू लवकर थकतात आणि थोड्या श्रमालाही अधिक श्वास मागतात. मग काल चौकात लागणारा दम आज अंगणात लागतो. दमामुळे बसणे, आणि बसण्यामुळे पुन्हा दम, असे हे चक्र आहे.

एके काळी वैद्यकशास्त्रही अशा रोग्यांना विश्रांतीच सांगत असे. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. ॲल्व्हन बॅराक यांनी त्यांना क्रमाक्रमाने चालण्याचा सराव द्यावा, असा विचार मांडला. पुढे २०१५ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिस्तीने दिलेल्या व्यायामाने दम कमी होतो आणि चालण्याची शक्ती वाढते, हे त्यातून स्पष्ट झाले. यात फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत. सुधारतात ते पाय, आणि ओसरते ती भीती.

तेव्हा डॉक्टरांकडून तपासून घेऊन, झेपेल तेवढेच अंतर ठरवावे. शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सावकाश सोडावा. दम लागला तर थांबावे, आणि तो बसला की पुन्हा निघावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर मात्र त्या दिवशी चालणे बंद करून डॉक्टरांना गाठावे.

आणि घरच्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : "उठू नका" या दोन शब्दांऐवजी "चला, मीही येते" असे म्हणा. औषधाच्या बाटलीत न मिळणारे बळ त्या सोबतीत असते.