पुढे वाटाड्या

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांवर जागतिक वारशाची मोहोर उमटवली. त्या बारांत विजयदुर्गही आहे आणि पन्हाळाही. एक वाघोटन खाडीच्या तोंडाशी पाण्यात पाय सोडून बसलेला, दुसरा घाटमाथ्याच्या पलीकडे, कोल्हापूरच्या उशाशी. दोन्हींचा पाया शिलाहार राजा दुसरा भोज याने घातला, अशी परंपरा सांगते. मोटारीने हे अंतर आज अर्ध्या दिवसाचे. चाके येण्याआधी मात्र ते दिवस मोजत, मुक्काम करत चालावे लागे. वाटेत कातळाचे सडे, मग भातखाचरे, मग रान आणि शेवटी छातीवर येणारा घाट. नवखा माणूस ही वाट एकट्याने धरत नसे. पुढे वाटाड्या लागे.

या वाटेचे जुने टोक खारेपाटण. विजयदुर्गाहून भरतीचे पाणी धरून होड्या खाडीने आत जात, त्या थेट खारेपाटणच्या बंदरापर्यंत. तिथे रट्टराज शिलाहाराचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला आहे. त्यात परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरच्या सोन्याच्या कराचा उल्लेख येतो. बंदरात उतरलेला माल मग बैलांच्या पाठीवर चढे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. धान्य आणि गूळ खाली येई. तांड्याच्या पुढे चालणाऱ्याला पाणवठे ठाऊक असत, बैलाचा खूर कुठे घसरतो ते ठाऊक असे आणि कोणत्या वळणावर अंधार पडू द्यायचा नाही, तेही. ताम्रपटात राजाचे नाव उरले. तांड्याचा वाटाड्या कुठेच नोंदला गेला नाही.

याच डोंगररांगेत १६६० च्या जुलैत मराठी इतिहासातली सर्वांत गाजलेली पायपीट घडली. पन्हाळ्याला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडून चार महिने उलटले होते. आषाढातल्या धो धो पावसाच्या रात्री शिवाजी महाराज सुमारे ६०० मावळ्यांसह गडावरून निसटले. प्रतिशिवाजी बनून पालखीत बसलेला शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे निम्मी माणसे घेऊन उभे राहिले आणि महाराज विशाळगडावर पोचले. काळोख, चिखल, फुगलेले ओढे, खांद्यावर पालखी आणि पाठीवर शत्रू. अशा रात्री वाट चुकली असती तर खिंडीतला पराक्रम व्हायलाही कोणी उरले नसते. बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांची नावे घराघरांत आहेत. त्या रात्री पायाखालची वाट ओळखणारे कोण होते, हे बखरींच्या कडेला राहून गेले.

पुढे चाके आली. इंग्रजी अमदानीत फोंडा घाटातून गाडीरस्ता झाला, किनाऱ्याने आगबोटी धावू लागल्या. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर दुर्बिणींसह विजयदुर्गावर आला. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. साहेबाचा लवाजमा समुद्राच्या बाजूचा. डोंगरातली वाट तोवर गरिबाची होऊन बसली होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि करूळ घाटाच्या पायथ्याशी ‘वैभववाडी रोड’ हे स्थानक आले. आता पायी घाट चढण्याचे कारणच उरले नाही.

कारण उरले नाही, तरी माणसे चालतच राहिली. फक्त आता ती हौसेने चालू लागली.

१९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहण संस्था निघाली. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांचे वेड घराघरांत नेले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने घाटवाटा नकाशावर आणल्या, आणि पाठीवर पिशवी टाकून तीन-तीन दिवस सह्याद्रीत हिंडणारी पिढी तयार झाली. पुस्तक हातात असले, तरी पायथ्याच्या वाडीत शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘वर वाट दाखवायला कोणी येईल का?’

‘गिरिविहार’ निघाली त्याच सुमारास आफ्रिकेतही पायी हिंडण्याला नवे रूप येत होते. स्वाहिलीतली ‘सफारी’ आणि मराठीतली ‘सफर’ एकाच अरबी मुळातून आलेल्या. शिकारीच्या सफारीत बंदूक साहेबाची आणि ओझे स्थानिक माणसाच्या डोक्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या रानात १९५९ मध्ये वनसंरक्षक इयान प्लेयरने शिकारीविना, काही दिवसांच्या पायी सफरी सुरू केल्या. त्याच्या सोबतीला झुलू वनरक्षक मगक्युबू न्टोम्बेला होता. रान आपल्याला याने शिकवले, असे प्लेयर उघड सांगे. त्यामुळे या वाटाड्याचे नाव तरी जगाला कळले. १९७८ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानातही अशी पहिली पायवाट खुली झाली. तिथला शिरस्ता कडक: पाहुणे आठांहून अधिक नाहीत, सोबत दोन सशस्त्र वाटाडे, एकामागे एक चालायचे आणि बडबड करायची नाही.

विजयदुर्गाच्या माणसाला अशा रानासाठी आफ्रिका गाठायला नको. फोंडा घाट चढला की दाजीपूर. कोल्हापूर संस्थानचे हे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी राखले गेले, आणि महाराष्ट्रातले सर्वांत जुने अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. १९८५ मध्ये राधानगरीचे जंगल जोडल्यावर त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटर झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही त्याचा समावेश झाला. सावराई सड्यावर पहाटे गव्यांचा कळप चरायला येतो. शिवगडाच्या टोकावर उभे राहिले की कोकण पायाखाली पसरलेले दिसते. इथे वाटाड्याचे काम वाट दाखवण्याहून मोठे असते. एकटा गवा दिसला की वाटाड्या हात आडवा करतो, वारा कुठून वाहतो ते पाहतो आणि सगळ्यांना आल्या पावली मागे घेतो.

पन्हाळा-पावनखिंड मोहिमेची तऱ्हा उलटी. दर जुलैला मसाई पठारावरून माणसांची रांगच निघते. क्रूगरचे आठ कुठे आणि हे शेकडो कुठे! मोहीम बहुधा दोन दिवसांची, अंतर पन्नासएक किलोमीटर. वाटेतल्या वाड्यांत मुक्काम, ओले कपडे, गरम भाकरी आणि झोपेपर्यंत बाजीप्रभूंच्या गोष्टी. गर्दी वाढली तसा चिखलही वाढला, प्लास्टिकही वाढले. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात आयोजकांची नोंदणी आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांवर भर दिला. वाटाड्याचा ‘गाईड’ झाला.

तरीही वाटेवरच्या पांढरपाणी गावाच्या पुढे धुके उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले, की रांगेतल्या मोबाइलवरचे नकाशे खिशात जातात. जवळच्या वाडीतला, डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला कोणीतरी पुढे होतो. ओढ्याचे पाणी काठीने चाचपतो, दोन पावले वरच्या अंगाला सरकतो आणि मागे वळून ओरडतो, ‘हिकडनं या.’