गांधर्व महाविद्यालयाची आर्थिक वाटचाल
गांधर्व महाविद्यालय ही पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे स्थापन केलेली संगीत शिक्षणसंस्था होय. राजाश्रयाऐवजी ती देणग्या, शुल्क व पलुसकरांच्या जलशांच्या उत्पन्नावर चाले. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाचा भारही संस्थेवरच असे. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. पुढे तेथे कर्ज काढून इमारत उभारण्यात आली. मात्र उत्पन्न बव्हंशी एकाच कलावंताच्या मैफलींवर विसंबून असल्याने ते कर्जफेडीस पुरेना. परिणामी १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. १९३१ मध्ये पलुसकरांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाच्या परीक्षा ठिकठिकाणच्या केंद्रांवर होऊ लागल्या आणि परीक्षाशुल्काच्या रूपाने व्यक्तिनिरपेक्ष, नियमित उत्पन्नाचे साधन निर्माण झाले.