सेब्रिंग येथील दोन मिनिटे

मोटारींच्या शर्यतीतला चालक म्हटले की जिवावर उदार झालेला बेफिकीर तरुण डोळ्यांसमोर उभा राहतो. इंग्लंडचे टोनी ब्रुक्स या चित्रात बसत नाहीत. १९३२ साली चेशायर परगण्यातील डुकिनफील्ड येथे जन्मलेल्या ब्रुक्स यांचे वडील दंतवैद्य होते. मुलगाही मँचेस्टरला तेच शिक्षण घेत होता आणि १९५२ पासून केवळ हौसेखातर शर्यतींत उतरत होता.

ऑक्टोबर १९५५ मध्ये कॉनॉट या छोट्या, आर्थिक ओढगस्तीतील ब्रिटिश कंपनीला सिसिलीतील सिराक्यूजच्या ग्रां प्रीसाठी चालक हवा होता. नामवंत कोणी मिळेना, तेव्हा तेवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याला बोलावणे आले. विमानात ते परीक्षेची पुस्तके वाचत होते. फॉर्म्युला वन गाडीतून ते यापूर्वी एकदाही शर्यतीत उतरले नव्हते. समोर मासेरातीचा बलाढ्य संघ होता. तरीही ब्रुक्स सहज जिंकले. ब्रिटिश चालकाने ब्रिटिश गाडीतून ग्रां प्री जिंकण्याचा योग १९२४ नंतर प्रथमच आला होता. परतीच्या प्रवासात पुन्हा पुस्तके उघडली गेली!

पुढे हौसेचा व्यवसाय झाला आणि त्याबरोबर धोकाही वाढला. १९५६ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे बी.आर.एम. गाडीचा ॲक्सिलरेटर अडकला. गाडी उलटून जळाली, ब्रुक्स बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. पुढच्या वर्षी ल मान्सला गिअर अडकलेली ॲस्टन मार्टिन उलटून त्यांच्या अंगावर आली. दोन्ही वेळा गाडीत दोष आहे हे ठाऊक असून ते ती रेटीत राहिले होते. ब्रुक्स श्रद्धाळू कॅथलिक होते. देवाने दिलेला जीव विनाकारण धोक्यात घालणे हे पाप होय, असे त्यांचे मत झाले. सदोष गाडी यापुढे दामटायची नाही, असा त्यांनी निश्चय केला. वेग मात्र तसूभरही कमी झाला नाही. १९५८ मध्ये व्हॅनवॉल गाडीतून त्यांनी स्पा, न्यूरबुर्गरिंग आणि मोंझा ही तीन अवघड मैदाने मारली.

निश्चयाची किंमत चुकविण्याची वेळ १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सेब्रिंग येथे आली. फेरारीकडून खेळणाऱ्या ब्रुक्सना जगज्जेतेपदाची संधी होती. पहिल्याच फेरीत त्यांच्याच संघाच्या फॉन ट्रिप्स यांची गाडी मागून आदळली. तसेच पुढे जावे, असेच मन म्हणत होते. ब्रुक्स पिटमध्ये थांबले, गाडी तपासून घेतली. गंभीर असे काहीच निघाले नाही. सुमारे दोन मिनिटे गेली. ते तिसरे आले. अखेरीस इंधन संपलेली गाडी ढकलीत चौथा आलेला जॅक ब्रॅबहॅम जगज्जेता ठरला. व्यवहाराच्या चोख हिशेबात हा थांबा तोटाच ठरेल. मात्र तपासणीआधी गाडी निर्दोष आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते, हे हिशेब मांडणारे विसरतात.

सप्टेंबर १९६१ मध्ये फॉन ट्रिप्स मोंझा येथे मृत्युमुखी पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ब्रुक्स निवृत्त झाले. सहा ग्रां प्री विजय त्यांच्या नावावर होते. वेब्रिज येथे त्यांनी मोटारींचा व्यवसाय उभारला, तो वाढविला. इटालियन पत्नी पीना आणि पाच मुलांसह संसार केला. ३ मे २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.