कर्ज सातबाऱ्याला, कसणारा दाराबाहेर

राजधानीत शेतीविषयक योजनांची टंचाई कधीच नव्हती. किसान क्रेडिट कार्ड १९९८ मध्ये आले. व्याज सवलत योजनेमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्के दराने, तर वेळेवर परतफेड करणाऱ्यास ४ टक्के दराने मिळण्याची सोय झाली. विनातारण कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून २ लाखांवर नेण्यात आली. पाणी वाचविणाऱ्या ठिबक संचासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के साहाय्याची तरतूद आहे. तरतुदी भरपूर आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या दारापर्यंत पोहोचविणारा कागद कोणाच्या नावावर आहे, हा.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सुमारे १७ टक्के शेतखाती पूर्णतः वा अंशतः खंडाच्या जमिनीवर चालतात. त्यातील बहुतांश व्यवहार तोंडी असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत खंडकरी, तोंडी कराराने कसणारे आणि बटईदार हे सारे किसान क्रेडिट कार्डास पात्र आहेत. शाखेच्या टेबलावर मात्र मागणी होते ती सातबाऱ्याची किंवा पट्टादार पासबुकाची. नियमाने आत घेतलेला शेतकरी कागदाअभावी बाहेर राहतो आणि सावकाराच्या ओसरीवर जातो. जलसंधारणाचेही तेच. पुढच्या हंगामात जमीन हाती राहील की नाही याची शाश्वती नसलेला माणूस बांधबंदिस्ती वा ठिबकावर पैसा कशाला घालील?

या तोंडीपणाचे मूळ राजकारणात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्यांनी कसणाऱ्यास हक्क दिले. महाराष्ट्रात त्याची आठवण १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाशी जोडलेली आहे. परंतु नोंद झाली की जमीन गेली, ही धास्तीही तेव्हापासूनच जमीनमालकांच्या मनात घर करून बसली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’द्वारे १४ लाखांहून अधिक बर्गादारांची नोंद झाली, कारण तेथील सत्ताधाऱ्यांचा राजकीय पायाच त्या वर्गात होता. त्या मोहिमेचे एक शिल्पकार डी. बंदोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली बिहारनेही २००६ मध्ये आयोग नेमला. आयोगाने २००८ मध्ये बटईदारांच्या संरक्षणासाठी कायदा सुचविला, पण भूधारकांचा रोष ओढवून घेण्याची नितीशकुमार सरकारची तयारी नव्हती. अहवाल बासनात गेला.

आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये खंडकऱ्यांना ओळखपत्र देणारा कायदा केला. २०१९ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या कायद्याने अकरा महिन्यांचे पत्र ठेवले आणि त्यासाठी मालकाची संमती आवश्यक केली. ज्याला धास्ती वाटते त्याच्याच सहीवर दुसऱ्याचा हक्क अवलंबून ठेवल्यास काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

केंद्राची भूमिका सोयीची आहे. जमीन हा राज्यसूचीतील विषय असल्याचे सांगून दिल्लीला हात झटकता येतात. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायदा मांडला. मालकाची मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्यास कर्ज व विमा मिळावा, असा मध्यममार्ग त्यात होता. तथापि राज्यांनी थंड प्रतिसाद दिला. २०१९ मध्ये आलेल्या पीएम-किसान योजनेचे वार्षिक ६,००० रुपये भूधारक कुटुंबांनाच मिळतात. मतपेढी म्हणून मालक दिसतो. खंडकऱ्याची नोंदच नसल्याने त्याची मोजदाद होत नाही आणि मोजदाद नसल्याने दबावगटही उभा राहत नाही.

आता कसोटी डिजिटल नोंदणीची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानास मंजुरी दिली. त्यातील शेतकरी ओळख क्रमांक भूमी अभिलेखांशी जोडलेला आहे. खंडकऱ्यांचा समावेश करण्याचा निर्णय राज्यांवर सोपविण्यात आला आहे. कागदी व्यवस्थेत एखादा ओळखीचा शाखाधिकारी वा तलाठी वाट काढून देत असे; संगणकाच्या यादीत नाव नसेल तर ती फटही बुजेल. प्रत्येक योजनेस हाच क्रमांक लागणार असेल, तर मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची हंगामवार नोंद करणारा रकाना त्यात आताच हवा. नाही तर खताची उधारी, पावसाची ओढ आणि बुडालेले पीक खंडकऱ्याच्या वाट्याला, व्याजाची सवलत मात्र सातबाऱ्याच्या, ही विभागणी यंत्राच्या शिक्क्यानिशी कायम होईल.